मध्यस्थाची पत



मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात कोणाला सांगावी लागत नाही. खांबलिंगेश्वराचे दर्शन, घोंगड्यांची दुकाने आणि बैलबाजार यांसाठी ही यात्रा पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. या बाजारातील एक दृश्य जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर आजही असेल. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे, मध्ये तिसरा माणूस, आणि तिघांच्या हातांवर एक उपरणे टाकलेले. उपरण्याखाली बोटे चाचपली जातात, भाव वर जातो, खाली येतो, आणि तोंडातून एक अक्षरही न निघता सौदा ठरतो. हा तिसरा माणूस म्हणजे दलाल. बैल दोन दाती आहे की जुळलेला, चालीत खोट आहे का, नांगराला चालेल की केवळ गाडीला, हे तो पाहून सांगे. पुढच्या वर्षी त्याच बाजारात त्याच माणसाला पुन्हा उभे राहायचे असे. खोटा बैल गळ्यात मारला, तर पुढच्या पौषात त्याच्या उपरण्याखाली कोणी हात घालणार नाही, हे त्यालाही ठाऊक असे.

आज शेतकऱ्याच्या दारातील बैल कमी झाले आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टर आला, पिकअप आली, डंपर आला, जेसीबी आला. बैल रोखीने घेता येत असे. फार तर कोणा नातेवाइकाकडून उसनवार करावी लागे. डंपर रोखीने घेता येत नाही. त्यामुळे बाजारात पुन्हा एक तिसरा माणूस उभा राहिला. त्याला कोणी ‘फायनान्सवाला’ म्हणतो, कोणी ‘लोनवाला’, कोणी ‘एजंट’. बँका आणि वित्त कंपन्यांच्या कागदावर तो ‘डीएसए’ असतो. तो स्वतः कर्ज देत नाही. व्यवसाय करणाऱ्याला वाहन किंवा यंत्र घ्यायचे असते, पैसा देणारी संस्था ठाण्या-कल्याणला किंवा मुंबईला बसलेली असते, आणि या दोघांची गाठ घालून देणे हे त्याचे काम असते. त्याबद्दल त्याला दलाली मिळते.

दलाल या शब्दाला आपल्याकडे चांगला वास नाही. राजकीय भाषणात तर तो शिवीसारखाच वापरला जातो. वस्तुतः हा अरबी शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ ‘वाट दाखवणे’ असा आहे. वाट दाखवणारा तो दलाल. आता वाट कुठे नेऊन सोडते, हा प्रश्न वेगळा. आणि आजचा विषय नेमका तोच आहे.

शेणवा हे शहापूर तालुक्यातील गाव, शहापूरहून किन्हवली-डोळखांबच्या अंगाला असलेले. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी येथून मुंबईला जाते. तानसा तर १८९२ पासून. एका बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याकडे जाणारी रेल्वे, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत. भात हे मुख्य पीक आणि तेही पावसाचे. पावसाळा संपला की शेतात काम उरत नाही आणि मग वीटभट्ट्या, बांधकामे, खडी-माती-रेतीची वाहतूक, भिवंडीच्या गोदामांची मालवाहतूक, मुरबाड आणि आसनगावच्या कारखान्यांतील रोजगार यांवर घरे चालतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो. एवढे मोठे काम वर्षानुवर्षे चालू असते, तेव्हा डंपरला आणि जेसीबीला मागणी असते. काम संपले की यंत्र मालकाच्या दारात येऊन उभे राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही.

अशा गावातला व्यावसायिक ग्राहक म्हणजे कोण? एक पिकअप चालवणारा, दोन डंपर भाड्याने देणारा, भाताची गिरणी घालणारा, कुक्कुटपालनाची शेड उभारणारा, विहिरी खोदण्यासाठी यंत्र घेणारा, वीटभट्टीचा मालक. मोठ्या शहरातील अर्थतज्ज्ञ ज्याला उद्योजक म्हणतात तो हाच. फक्त त्याच्याकडे कार्यालय नसते, लेखापाल नसतो, आणि हिशेब असला तर तो खिशातल्या डायरीत असतो.

तारण नसलेल्यांचे तारण

येथे थोडे मागे जावे लागेल. या भागात कर्ज म्हणजे पूर्वी धान्याचे कर्ज. आषाढात घरातले भात संपले की सावकाराकडून मण आणायचा आणि सुगीत सवाई किंवा दिडीने फेडायचा; म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. हे व्याज वर्षाचे नव्हे, चार-सहा महिन्यांचे असे. त्यातून जमिनी गेल्या. जमीन गेलेला कुळ म्हणून राबला, आणि वनवासी कुटुंबांमध्ये तर लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनीही सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबण्याची ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये आला. त्याच्या सुमारास, १९७४ मध्ये, अनुसूचित जमातींच्या जमिनी इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या तरतुदी कडक करण्यात आल्या. आज ३६ आणि ३६-अ ही कलमे त्या जमिनीचे रक्षण करतात. हे आवश्यकच होते. तथापि त्याची एक दुसरी बाजू आहे. ज्या जमिनीला खुला बाजार नाही, ती तारण घ्यायला कर्ज देणारा नाखूश असतो. बिगर-वनवासी शेतकऱ्याचेही फारसे वेगळे नाही. सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासून चौदा नावे, त्यातली सहा मुंबईला, दोघींची लग्ने झालेली, आणि सर्वांच्या सह्या मिळवायच्या तर जन्म जायचा.

यातून वाट काढली ती ‘वस्तूच तारण’ या कल्पनेने. जी वस्तू घ्यायची, तीच कर्जाचे तारण. वाहन मालकाच्या ताब्यात राहते, त्यावर तो कमावतो; नोंदणीपुस्तकावर मात्र वित्तपुरवठा करणाऱ्याचा बोजा चढतो. मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) ५१व्या कलमात या बोज्याची व्यवस्था आहे. हप्ते संपले की बोजा उतरतो. जमीन धोक्यात येत नाही, घर धोक्यात येत नाही. निदान कागदावर तरी.

ही पद्धत आपल्या देशात दक्षिणेने रुजवली. चेन्नईची सुंदरम फायनान्स १९५४ ची, श्रीराम ट्रान्सपोर्ट १९७९ ची. जुने ट्रक घेणाऱ्या, बँकेच्या पायरीवरही उभे न केल्या जाणाऱ्या चालकांना कर्ज देता येते आणि ते फिटतेही, हे या मंडळींनी दाखवून दिले. महाराष्ट्रातून महिंद्राची वित्त कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली आणि ग्रामीण भागात पसरली. १९९७ मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला बिगर-बँक वित्त कंपन्यांवर कडक नियंत्रण मिळाले. २००६ च्या डिसेंबरात तर रिझर्व्ह बँकेने वाहने-यंत्रे यांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांचा ‘असेट फायनान्स कंपनी’ असा स्वतंत्र वर्गच केला होता. २०१९ मध्ये तो इतर कर्ज कंपन्यांच्या वर्गात विलीन झाला. वर्ग गेला, धंदा राहिला. किंबहुना वाढला.

कंपनीची शाखा मात्र शेणव्याला नसते. ती शहापूरला असेल, कल्याणला असेल. शाखेतील अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरचा माणूस कसा आहे, हे त्याला कोणी सांगायचे? आणि पाड्यावरच्या माणसाला, ‘सिबिल’ म्हणजे काय, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे का लागतात, जीएसटीचा क्रमांक नसेल तर काय करायचे, हे कोणी सांगायचे? हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते कापण्यासाठी मध्यस्थ लागतो.

पावसाचे चार महिने

गावातीलच एक पदवीधर तरुण हे काम करू लागला आहे, असे समजू. त्याच्याकडे शेजारच्या वाडीतले काका येतात. मुलासाठी जुना डंपर घ्यायचा आहे, दहा लाखांचे कर्ज हवे आहे. तरुणाला कंपनीकडून मिळणारी दलाली समजा शेकडा एक. म्हणजे हे प्रकरण झाले तर दहा हजार रुपये, त्यातून दोन टक्के करकपात. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी ही कपात पाच टक्के होती. कागद तयार आहेत, काकांचे नाव स्वच्छ आहे, अर्ज आजच पाठवता येईल. येथे तो तरुण कोणता प्रश्न विचारतो, यावर त्याची सारी परीक्षा आहे.

“काका, पावसाळ्यात गाडी काय करणार?”

हा प्रश्न विचारणारा मध्यस्थ आणि न विचारणारा मध्यस्थ, यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कारण असे: दहा लाख, चार वर्षे, आठ टक्के ‘फ्लॅट’ दर. व्याज ३ लाख २० हजार. एकूण परतफेड १३ लाख २० हजार, म्हणजे महिना २७,५०० रुपयांचा हप्ता. शेणव्याकडचा पाऊस जूनमध्ये लागतो तो सप्टेंबर संपेपर्यंत. वीटभट्ट्या बंद, मातीची कामे बंद, खदानीचे रस्ते चिखलात. डंपर ताडपत्री पांघरून अंगणात. वर्षाचे हप्ते ३ लाख ३० हजार. ते आठ महिन्यांच्या कमाईतून भरायचे, तर कामाच्या प्रत्येक महिन्यात प्रत्यक्षात ४१,२५० रुपये बाजूला पडले पाहिजेत. काकांनी मनाशी धरलेला आकडा २७,५०० चा आहे. ही तफावत पहिल्याच आषाढात कळते.

आणि त्या वेळी दुसरा एक आकडा आडवा येतो. हप्ता थकून ९० दिवस लोटले की कर्ज ‘अनुत्पादक’ ठरते, हा बँकांचा आणि मोठ्या वित्त कंपन्यांचा नियम आहे. पावसाळ्याचे दिवस १२२. नियम करणाऱ्याने कोकणचा पाऊस पाहिलेला नसावा! थट्टा बाजूला ठेवू. पिकासाठी घेतलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने हंगामाचे परिमाण लावले आहे, अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगामांची सवलत आहे. म्हणजे ऋतू ही गोष्ट नियमांना अपरिचित नाही. पण डंपर म्हणजे शेती नव्हे. तो शेताशेजारी उभा असतो, शेतकऱ्याचा मुलगा तो चालवतो, त्याची कमाईही पावसावर अवलंबून असते, तरीही तो व्यापारी वाहनांच्या रकान्यात जातो.

यावर उपाय नाही असे नाही. कमाईच्या महिन्यांत मोठा आणि पावसाच्या महिन्यांत लहान असा हप्ता बांधून देण्याची पद्धत अनेक वित्त कंपन्यांकडे आहे. पण ती मागावी लागते. अर्जासोबत, कर्ज मंजूर होण्यापूर्वी, लेखी. संगणकातला साचा सरळ बारा समान हप्त्यांचा असतो आणि ज्याने मागितले नाही त्याला तोच मिळतो. काका ते मागणार नाहीत, कारण असे काही असते हे त्यांना ठाऊक नाही. शाखेतील अधिकारी आपणहून देणार नाही, कारण त्याला महिनाअखेरचे लक्ष्य गाठायचे आहे. मागणारा एकच माणूस उरतो.

हाच प्रकार व्याजदराचा. ‘आठ टक्के’ ऐकून काका खूष होतात. गावच्या पतसंस्थेपेक्षाही कमी! पण फ्लॅट दरात व्याज चारही वर्षे पूर्ण दहा लाखांवर आकारले जाते. प्रत्यक्षात दर महिन्याला मुद्दल फिटत असते. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस हातात असलेले कर्ज तीन-सव्वातीन लाखांच्या आत आलेले असते, तरी व्याज दहा लाखांचे. घटत्या शिलकीच्या पद्धतीने हिशेब केला, तर हाच दर १४.३ टक्क्यांच्या आसपास भरतो. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण हप्ता आधीच सांगितलेला असतो. पण दोन आकडे समोर ठेवले आणि दुसरा झाकला, तर त्याला काय म्हणायचे?

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची मुदतीची कर्जे यांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक केले आहे. प्रक्रिया शुल्क, विमा, इतर आकार हे सारे धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, हे त्या एका कागदावर लिहावे लागते. आणि महत्त्वाचे म्हणजे हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, असे नियमच सांगतो. म्हणजे तो मराठीत मागण्याचा अधिकार आहे. कोणी मागतो का? इंग्रजीच्या बारीक अक्षरांखाली जेथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात, तेथे सह्या होतात आणि पेढे वाटले जातात.

आता अवघड भाग. मध्यस्थाला पैसे कोण देतो? कंपनी देते. विश्वास कोण देतो? काका देतात. म्हशाच्या बाजारात दलाल दोघांच्या मध्ये, दोघांच्या देखत उभा असे. आजच्या मध्यस्थाची दलाली काकांना दिसत नाही. समजा, एक कंपनी सात टक्के फ्लॅटने कर्ज देते आहे आणि मध्यस्थाला एक टक्का देते. दुसरी आठ टक्क्यांनी कर्ज देते आणि मध्यस्थाला दीड टक्का. दहा लाखांच्या प्रकरणात मध्यस्थाला पाच हजार जास्त मिळतात, काकांना चार वर्षांत चाळीस हजार जास्त भरावे लागतात. पाच हजारांसाठी शेजाऱ्याचे चाळीस हजार! शहरात असे घडले तर दोघे पुन्हा भेटतही नाहीत. शेणव्यासारख्या गावात मात्र सकाळी एकाच नाक्यावर चहा प्यायचा असतो, एकाच देवळात काकड्याला बसायचे असते आणि एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगत वाढायची असते.

जामीनदाराची गोष्टही अशीच. जामीनदार बहुधा मेहुणा किंवा चुलतभाऊ असतो आणि ‘नुसती सही’ म्हणून सही करतो. १८७२ च्या करार कायद्याचे १२८वे कलम सांगते की, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुली करणाऱ्याने आधी कर्जदाराकडे जावे, मग जामीनदाराकडे, असा काही क्रम नाही. कर्ज थकले की जामीनदाराच्याही पतनोंदीवर डाग पडतो आणि स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला तो गेला की तेथे त्याला ते कळते. अशी कितीतरी घरे असतील, जेथे डंपर परत गेला त्यापेक्षा मेहुण्याशी बोलणे तुटले याचे दुःख मोठे आहे. जामीनदाराला समोर बसवून, चहा ठेवून, ही एक गोष्ट त्याच्या भाषेत सांगणे हे मध्यस्थाचे काम आहे. सांगितल्यावर चारातला एक जामीनदार उठून जाईल. जाऊ द्यावा.

कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेण्याची सवय हा आणखी एक रोग. मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म, कोरे धनादेश, ‘नंतर भरतो’ असे सांगून घेतलेले कागद. घाई असते, डीलरकडे गाडी उभी असते, मुहूर्त असतो, बहुधा दसऱ्याचा किंवा पाडव्याचा. धनादेश न वटल्यास १३८व्या कलमाखाली फौजदारी खटला उभा राहतो आणि त्याची तारीख ज्या न्यायालयात पडते तेथे जाऊन यायलाच एक दिवसाची मजुरी बुडते.

आणि मग वसुली. २००७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या खासगी बँकेच्या प्रकरणात, थकलेल्या कर्जाची वाहने गुंडांकरवी ताब्यात घेण्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींसाठी नियम केले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, असे पुन्हा बजावले. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात एका दिव्यांग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वसुलीवाले घेऊन जात असताना त्याची गर्भवती मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावली. रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली व ताबा घेण्यास मनाई केली. ती २०२३ च्या जानेवारीत उठली. मनाई उठली. मुलगी गेली ती गेली.

त्या ट्रॅक्टरचे कर्जप्रकरण कोणी जमवले होते, हप्ता कोणत्या महिन्यात थकला, हे सहसा कोणी विचारत नाही. वसुलीवाला दिसतो, कारण तो शेवटी येतो. आरंभी जो येतो तो हसतमुख असतो, पेढा घेऊन जातो आणि विस्मरणात जातो. पण कर्ज बिघडते ते बहुधा आरंभीच. काकांच्या अंगणातून डंपर ओढून नेला जाईल की नाही, हे चौथ्या थकलेल्या हप्त्याला ठरत नाही. ज्या दिवशी पावसाळ्याचा प्रश्न विचारला गेला नाही, त्याच दिवशी ते बव्हंशी ठरलेले असते.

याउलट, ज्यातून दलाली मिळत नाही अशीही पुष्कळ कामे असतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळू शकते. पूर्वीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २०२४ मध्ये वीस लाख झाली. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, वनवासी बांधवांसाठी शबरी महामंडळ आहे, मराठा तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. या दारांत फेऱ्या मारणे कंटाळवाणे असते, तेथील कर्मचारी दर वेळी हसून बोलतोच असे नाही, आणि मंजुरीला वेळ लागतो. कुक्कुटपालनाची शेड घालणाऱ्या ताईंना या रांगेत उभे केले, तर मध्यस्थाच्या हाती काहीच पडत नाही. घाई नसलेल्या ग्राहकाला ही वाट दाखवणारा मध्यस्थ धंद्यात मूर्ख ठरतो का? एका वर्षाच्या हिशेबात कदाचित ठरेल. पण त्या ताई चार वर्षांनी पिकअप घ्यायला निघतील तेव्हा कोणाकडे जातील, हे सांगायला नको.

कागद जमवण्यापेक्षा कागद घडवण्याचे काम मोठे आहे. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून विनाशुल्क होते. तरी तिच्यासाठी पैसे घेणारे लोक आहेत. दहापेक्षा जास्त मालवाहू वाहने नसलेल्या मालकाला आयकर कायद्यात अंदाजे उत्पन्न दाखवण्याची सोपी सोय आहे, त्यासाठी हिशेबाची चोपडी लिहावी लागत नाही. डिझेलचे पैसे आणि भाड्याचे पैसे खात्यातून फिरवले, दोन वर्षे विवरणपत्र भरले, की तोच माणूस वित्त कंपनीऐवजी बँकेच्या दारात ताठ मानेने उभा राहतो आणि त्याचा दर तीन-चार टक्क्यांनी खाली येऊ शकतो. कल्याण, ठाणे, डोंबिवली येथील नागरी सहकारी बँका लहान माणसांनी लहान माणसांसाठीच उभ्या केल्या आहेत. पण सहकार म्हटला तरी कागद लागतोच. नुसत्या ओळखीवर दिलेल्या कर्जांनी किती पतसंस्था बुडाल्या, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

घराघरांतील पालकांसाठी आता थोडे. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर होतो, स्पर्धा परीक्षेत चार वर्षे घालवतो, नाही जमले की कल्याणला सुरक्षारक्षक म्हणून बारा तास उभा राहतो. त्याने गावातच राहून कर्जप्रकरणे जमवण्याचे काम करतो म्हटले, तर घरचे नाक मुरडतात: “दलाली करणार?” या कामाला भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही, एक दुचाकी, गणिताची चाड आणि माणसांची ओळख लागते. ही तिन्ही आपल्या मुलांकडे आहेत. आपण नाक मुरडून बाजूला झालो की ती जागा रिकामी राहत नाही. तेथे बाहेरून कोणीतरी येतो, ज्याला हे पाडे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत आणि ज्याला पुढच्या पौषात या बाजारात उभे राहायचे नसते.

हे काम करणाऱ्या तरुणाच्या डायरीत एक शेवटची नोंद असावी: कर्ज संपण्याची तारीख. शेवटचा हप्ता गेला की बहुतेकांना वाटते, सुटलो. पण नोंदणीपुस्तकावरचा बोजा आपोआप उतरत नाही. कंपनीचे ना-हरकत पत्र घ्यावे लागते, ३५ क्रमांकाच्या फॉर्मवर कंपनीची आणि मालकाची सही लागते, विम्याच्या कागदावरूनही कंपनीचे नाव काढावे लागते. हे केले नाही तर पाच वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक परत जाते, आणि तोवर ती शाखा बंद झालेली असते किंवा कंपनीचे नावच बदललेले असते. या कामाची दलाली नाही. काकांचे चार वर्षांचे हप्ते ज्या महिन्यात संपतात, त्या महिन्यात सकाळी लवकर दुचाकी काढायची, काकांना मागे बसवायचे आणि शहापूरच्या शाखेत ते पत्र मागायला जायचे. पावसाळा नसेल तर डंपर त्या दिवशीही कामावर असेल.